डोक्याला मार, पट्टी पायाला

हे मी एका बैठकीत लिहिलेलं नाही. थोडं लिहायचं, डोळे मिटून पडायचं, मग पुन्हा थोडं, असं करत लिहिलंय. त्यामुळे मधे मधे तुटक वाटेल. ज्यांच्या डोक्याला मार बसलाय त्यांना सलग वाचता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तुकडे तसेच ठेवलेत.

माझं नाव प्राची. इंदापूर तालुक्यातलं कळस आमचं गाव. बारामतीत एका मेडिकल दुकानात मी फार्मासिस्ट आहे. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे गावात मला लहानपणापासून ‘मॅडम’ म्हणतात. त्यात कौतुक थोडं आणि टोमणा जास्त असतो. मला लोकांत फार बोलता येत नाही, स्वतःबद्दल तर नाहीच. तरी लिहितेय, कारण मी पडले तेव्हा असं कुणी मराठीत लिहिलंय का ते शोधलं होतं. आईला वाचून दाखवता येईल असं काहीतरी मला हवं होतं. पण मोबाईलच्या उजेडाकडे बघवेना, आणि शोधणं तिथेच थांबलं.

रस्ता

ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडचा रस्ता कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. ट्रॉल्या भरभरून कारखान्याला जातात, मागे कांडी पडत राहतात, त्यांच्यावरून गाड्या जाऊन चोथा होतो. त्यावरून माझी स्कूटी घसरली. मी सावकाश होते. कुणी धडकलं नाही. हेल्मेट घातलं होतं, पण पट्टा लावला नव्हता, त्यामुळे ते माझ्याआधी रस्त्यावर पोचलं.

पुढचं मला फक्त तुकड्यांत आठवतं. कुणाच्या तरी चपला. धूळ. एक बाईमाणूस सारखं म्हणत होतं, “श्वास हाय, श्वास हाय.” मला वाटलं, कुणाबद्दल बोलताहेत?

नॉर्मल

बारामतीच्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. डॉक्टर आले तेव्हा आई-पप्पा दोघंही कॉटच्या एकाच बाजूला उभे होते, एकमेकांना चिकटून. एरवी ते असे उभे राहत नाहीत.

“सीटी नॉर्मल आहे,” डॉक्टर म्हणाले.

आईने तिथेच हात जोडले आणि त्यापुढचं तिने ऐकलंच नाही. पप्पांनीही नाही. मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात ते राहत नव्हतं. डॉक्टर सांगत होते की रक्तस्राव नाही, पण मेंदूला हादरा बसलाय, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. याला कन्कशन म्हणतात. सुरुवातीला पूर्ण शांतता, मग झेपेल तसं हळूहळू एकेक काम. टीव्ही, मोबाईल, गर्दी, गोंगाट नको.

मग मला म्हणाले, “शंभरातून सात वजा करा. आलेल्या उत्तरातून परत सात. असं करत जा.”

माझा हिशोब इंग्रजीत चालतो. नाइंटी थ्री म्हणाले. एटी सिक्स म्हणाले. पुढे काहीच नव्हतं. आठवत नाही असंही नाही, तिथे जागाच रिकामी होती. मी डॉक्टरांकडे बघत राहिले. ते म्हणाले, “होतं असं. येईल परत.”

बाहेर आई फोनवर सगळ्यांना सांगत होती, “नॉर्मल हाय. सगळं नॉर्मल हाय.”

आजारपणात ‘नॉर्मल’ या शब्दाइतका एकटं पाडणारा शब्द मी ऐकला नाही. हाड मोडलं तर फोटो दाखवता येतो. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

त्या दवाखान्यातली एक गोष्ट मात्र चांगली आठवते. एक नर्स दर थोड्या वेळाने येऊन नाव विचारायची, गाव विचारायची. एकदा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केली. मी काही बोलले नव्हते. त्यानंतर ती आली की आधी बटणाकडे बघायची.

पाय

डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी वरकुट्याची आत्या राहायला आली. ती पप्पांची थोरली बहीण. आमच्या घरातले निर्णय तिला विचारून होतात, किंवा न विचारता तीच घेते.

“बापू, डोक्याचं कुणाला सांगितलं का?” तिने पप्पांना विचारलं.

“न्हाय अजून. पडली एवढंच सांगितलंय.”

“मग सांगू बी नकोस. पोरगी लग्नाची हाय. आज तुमी म्हणाल डोक्याला मार लागलाय, उद्या लोक म्हणतील डोक्यावर परिणाम झालाय. पाय मुरगळलाय म्हणायचं.”

“अवो वन्सं, पण पायाला काय झालंच न्हाय तिच्या,” आई म्हणाली.

“म्हणून तर म्हणते. पायाला कोण नावं ठेवत न्हाय. पाय बरा हुतो.”

आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्या पिशवीत क्रेप बँडेज असतंच. तिने ते काढलं आणि माझ्या पायाशी बसली.  पप्पांनी एकच प्रश्न विचारला.

“डावा का उजवा?”

आत्याने उजव्याला बांधलं. मी काही बोलले नाही. बोलायला ताकद नव्हती हे खरं, पण तेवढंच नाही. आतलं काही कुणाला सांगावं लागणार नाही, हे मलाही बरं वाटलं होतं. पाय सगळ्यांसमोर पसरून ठेवता येतो. डोकं कसं ठेवणार?

भेटायला येणारे

आमच्याकडे माणूस दवाखान्यातून आलं की गाव भेटायला येतं. केळी, बिस्किटाचा पुडा, शहाळं. ही पद्धत वाईट नाही. पण आजारपण कसलं आहे त्यावर येणाऱ्यांचं वागणं ठरतं. तापाच्या माणसापाशी लोक हळू बोलतात. पाय मोडलेल्या माणसाला करमत नसणार असं सगळे धरून चालतात. म्हणून माझी कॉट पुढच्या खोलीत टाकली होती, टीव्हीसमोर.

“टीव्ही तरी लावा की! पडून पडून पोरगी कटाळली असंल.”

“मॅडमला इंग्लिश पिक्चर लावा!”

पप्पांचे एक लांबचे भाऊ आहेत, तात्या. त्यांचा आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला पोचतो. ते माझ्या उशाशीच बसायचे. “आमच्या म्हशीचा बी असाच पाय मुरगळला व्हता. हळद-चुना लावला, चौथ्या दिवशी उभी. तू तर माणूस हाईस!” आणि स्वतःच हसायचे. ते हसणं माझ्या डोळ्यांच्या मागे जाऊन आदळायचं. ताटं पडल्यासारखं.

एकदा अंघोळीनंतर आईने घाईत पट्टी डाव्या पायाला बांधली. शेजारची काकू बघत राहिली.

“अगं, काल उजवा व्हता ना?”

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, “दोन्ही हायती. एकावर जोर देऊन दुसराबी गेला.”

आज लिहिताना हसू येतंय. तेव्हा येत नव्हतं. माणसं गेली की मी मोरीत जाऊन उलटी करायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. चार माणसं एकदम बोलली की कुणाचं वाक्य कुठे संपतं ते कळायचं नाही. मी नुसती मान हलवायचे.

आईला कळत होतं. एकदा मागच्या दारात तिचं आणि पप्पांचं चाललेलं मला ऐकू आलं.

“माणसं बंद करा. पोरगी सुकत चाललीय.”

“येऊ नका असं कसं म्हणायचं लोकांना? पाय मुरगळलेल्या पोरीला भेटायला कशाला बंदी म्हणतील.”

“मग सांगून टाका ना खरं.”

“ताईला काय सांगू?”

 त्या दिवसांत दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे, आणि त्याचं कारण मी आहे हे मला दिसत होतं. पट्टी सोडून फेकावी असं वाटायचं. फेकली नाही.

भीती

डोकेदुखीपेक्षा भीतीने मला जास्त थकवलं.

कुकरची शिट्टी झाली की छाती धडधडायची आणि बराच वेळ थांबायची नाही. दार वाजलं की हाताला घाम. मोटरसायकलवर मागे बसले तरी समोर ट्रॉली दिसली की मी पप्पांचा शर्ट मुठीत धरायचे. कारण विचाराल तर सांगता यायचं नाही. काहीतरी वाईट होणार आहे, एवढंच सतत आत चालू असायचं.

पडल्या पडल्या मी स्वतःची परीक्षा घ्यायचे. औषधांची नावं आठवायचे. रोज विकलेली, डोळे मिटून कुठल्या खणात आहे ते सांगता येईल अशी गोळी, आणि तिचं नाव नाही. गोळीचा रंग दिसायचा, डबी दिसायची, नाव नाही. एक ओळ वाचायची, शेवटापर्यंत येईतो तिची सुरुवात गेलेली असायची.

मी दिसायला साधी, बोलायला मागे. वर्गात मला ओळखायचे ते एकाच गोष्टीसाठी, माझं डोकं चालायचं. तेवढंच माझ्याकडे होतं. लोक काय म्हणतील असं आत्या म्हणाली होती ना, डोक्यावर परिणाम झालाय असं? लोकांनी अजून म्हटलं नव्हतं. मीच म्हणायला लागले होते.

पाय बरा झाला

खोट्या पायाची एक अडचण असते, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला वेळेत बरं व्हावं लागतं.

“अजून पट्टी सुटली न्हाय?” लोक विचारायला लागले. “मुरगळलाय का मोडलाय? नीट सांगा तरी.” अजून लांबलं असतं तर पायातही खोट आहे असं झालं असतं. आत्याने पट्टी सोडली, घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “झाला बरा.”

त्याच आठवड्यात दुकानाचे मालक सुहासदादा यांचा फोन आला. “पाय कसा आहे आता? ये बाई लवकर, मी एकटाच पडलोय.” काय सांगणार? पाय तर बरा होता. मी गेले.

दादा भला माणूस. त्यांनी माझ्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं होतं. “पायावर जोर देऊ नको,” म्हणाले. मी दिवसभर त्या स्टुलावर बसून त्या उजेडात, त्या गर्दीत चिठ्ठ्या वाचत होते. डॉक्टरांचं अक्षर एरवी मला पाठ असतं. आता एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

“ओ मॅडम, झोपला का?” काउंटरपलीकडून कुणीतरी म्हणालं. मागचे हसले.

मी घाई केली. एक म्हातारी बाई रक्तदाबाची गोळी न्यायला आली होती. त्या गोळीच्या दोन पॉवर असतात, डब्या सारख्याच दिसतात, आकडा फक्त वेगळा. मी काढून दिली, त्या गेल्या. डबी खणात ठेवायला वळले तेव्हा माझ्या हातात कुठली डबी आहे ते मला दिसलं.

मी पळाले. काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर, पायऱ्या उतरून रस्त्यावर. डोक्यात घण पडत होते. त्या बाई कोपऱ्यावरच्या वडापमध्ये बसल्या होत्या, जीप भरत आली होती.

“मावशी, मावशी, ती गोळ्यांची पिशवी द्या जरा!”

त्यांनी पिशवी पोटाशी धरली. “का गं? पैसं दिल्यात की मी!”

“तसं नाही, गोळी बदलून देते. चुकून दुसरी दिली.”

“बरी आठवण झाली तुला!” त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. “आन पळतीस किती! पडशील एखाद्या दिवशी.”

जीपवाला कुरकुरत थांबला. मी परत धावले, बरोबर गोळी आणून दिली. दुकानापाशी आले तेव्हा दादा पायरीवर उभे होते आणि माझ्या पायांकडे बघत होते.

“पाय एकदम फस्क्लास झाला की.”

मला तिथेच बसावंसं वाटलं. मी पायरीवर बसले.

“दादा, पायाला काही झालंच नव्हतं. डोक्याला लागलंय. मला वाचता येत नाहीये नीट.”

त्यांनी वळून काउंटरमागच्या स्टुलाकडे बघितलं. मग म्हणाले, “आणि मी मूर्खासारखा स्टूल घेऊन आलो.” थोडं थांबून, “प्राची, हा लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. काउंटरवर तू नको आता.”

“नोकरी गेली का?”

“तसं म्हणालो का मी? आधी डॉक्टरकडं जा. ते म्हणतील तेवढंच काम. आत बसून एक्सपायरीचा माल वेगळा काढ, थकलीस की घरी जा. काउंटर मिळेल तेव्हा मिळेल. नाही मिळालं तर तेही बघू.”

त्यांनी खोटा धीर दिला नाही, याचं मला बरं वाटलं.

डॉक्टरांसमोर

या वेळी मी पप्पांना म्हटलं, तुम्हीही आत चला. ते टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

मी सगळं सांगितलं, धडधडीचंही. डॉक्टर म्हणाले की ही भीती या दुखण्याचाच भाग आहे, वेड नाही, कमकुवतपणाही नाही. लागलीच तर त्यासाठीही मदत घेता येईल. मग विचारलं, “घरी शांतता असते ना?”

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा टोपीकडे बघत होते.

“पाव्हणं असत्यात,” ते म्हणाले.

“डोक्याला मार लागलेल्या पेशंटजवळ पाहुणे कशाला?”

“त्यांना वाटतंय पायाला लागलंय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पप्पांनी त्यांना सगळं सांगितलं, आत्याच्या पट्टीसकट. डॉक्टर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुम्ही पायाचा इलाज केलात. पाय बरा झाला.”

परत येताना पप्पांनी गाडी अगदी सावकाश चालवली. ट्रॉली दिसली की कडेला थांबायचे, ती जाऊ द्यायचे.

तेव्हापासून मी थोडं थोडं काम करते. वाचताना ओळीखाली फूटपट्टी धरते. गोळी काढली की आकडा मोठ्याने वाचते, आणि दादा पलीकडून परत वाचतात. काउंटर अजून मिळालेलं नाही. काही दिवस चांगले जातात, मग एखादं लग्नाचं बोलावणं किंवा लाउडस्पीकर सगळं मागे नेतो. ज्यांना हे झालंय त्यांना मी एवढंच सांगेन: काय झालंय ते निदान घरात तरी खरं सांगा. थकलेल्या डोक्याला खोटं सांभाळायचं कामही करावं लागतं, आणि ते फार जड असतं.

रविवार

आत्याने कोऱ्हाळे बुद्रुकचं एक स्थळ आणलं होतं. मंडळी रविवारी बघायला येणार होती. आदल्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, “मला विचारलं तर मी पायाचं सांगणार नाही.” त्यांनी ऐकलं आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

रविवारी मी आतल्या खोलीत साडी नेसून बसले होते. छाती धडधडत होती. गाडी थांबल्याचा आवाज आला. मग माणसांचे आवाज आले, आणि त्या सगळ्यांच्या वर आत्याचा. “या या, आत या, बसा.”

तेवढ्यात पप्पा म्हणाले, “आत नको. हितंच अंगणात बसू. पोरीच्या डोक्याला मार बसलाय, तिला आवाज सोसत न्हाय.”



“पायाला ना, बापू?” आत्या म्हणाली.

“न्हाय ताई. डोक्याला.”

कुणीतरी बाईने विचारलं, “म्हणजे कसं ओ?” पप्पा सांगू लागले. त्यांना नीट सांगता येत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते मागे-पुढे होत होतं, मधेच थांबत होते, पण सांगत होते. ती मंडळी चहा घेऊन गेली आणि पुढे त्यांचा निरोप काही आला नाही. आत्या तर आमच्याशी अजून धड बोलत नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी आई आत आली, तिने खिडकी ओढून घेतली आणि माझ्या केसांतल्या पिना काढल्या. बाहेर पप्पांचा आवाज चालू होता, हळू. मी तिथेच आडवी झाले. साडी नेसलेलीच होते. भर दिवसा, दारात माणसं असताना, मला झोप लागली.